चोवीस ऑगस्टचे पान: टेबलावरच्या एका दिनविशेष-दर्शिकेचे परीक्षण

परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा आणि सुविचार झाले की दिनविशेष वाचला जातो, आणि धरणगाव तालुक्यातल्या आमच्या शाळेत तो आजवर मोबाइलवर फिरत आलेल्या मजकुरातूनच वाचला जात असे. त्या मजकुराला कोणी धनी नसतो. एकाच थोर व्यक्तीची जयंती महिन्याभरात दोनदा साजरी होते, एखाद्याचे निधन जन्माच्या रकान्यात जाऊन बसते, आणि शंका विचारायची तर कोणाला, हा प्रश्नच असतो. त्यामुळे जळगावात छापलेली आणि खान्देशावर विशेष भर दिलेली दिनविशेष-दर्शिका बाजारात आल्याचे कळताच ती शाळेसाठी मागवली, आणि शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ती रोज वापरात आहे. प्रकाशन लहान आहे, आवृत्ती पहिली आहे आणि पुढे ज्या उणिवा सांगायच्या आहेत त्या पुढच्या आवृत्तीत सुधारता येण्यासारख्या आहेत, म्हणून प्रकाशकाचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही.

दर्शिकेची किंमत साडेतीनशे रुपये आहे. ती टेबलावर उभी राहते, पाने वरच्या बाजूने तारेच्या वेटोळ्यात ओवलेली आहेत आणि २९ फेब्रुवारी धरून एकूण ३६६ पाने आहेत. पानावर वर्ष आणि वार छापलेले नसल्यामुळे ती दरवर्षी वापरता येते. प्रत्येक पानावर घटना, जन्म, निधन आणि दिन असे चार भाग असून तळाशी ‘आपला खान्देश’ अशी वेगळी चौकट आहे. अक्षर ठसठशीत आहे, मुलाला उभ्याने हातात धरून वाचता येते, आणि शाळेच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. मात्र इतकी पाने एकाच तारेत कोंबल्यामुळे पान उलटताना दोन्ही हात लावावे लागतात, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत गुळगुळीत कागद एकमेकांना असा चिकटतो की एखाद्या दिवशी कालचेच पान वाचले जाते.

तीनशे सहासष्ट पानांची सरासरी काढून मत देण्यापेक्षा एक पान निवडून ते ओळीओळीने तपासावे, असे मी ठरवले. त्यासाठी २४ ऑगस्ट निवडला, कारण खान्देशात ही तारीख कवयित्री बहिणाबाई चौधरी यांची म्हणून ओळखली जाते. शिवाय हे पान भरगच्च आहे. त्यात रोमन काळ आहे, ईस्ट इंडिया कंपनी आहे, क्रांतिकारक आहे, खगोलशास्त्र आहे आणि संगणकही आहे.

सुरुवात चौकटीपासून करतो. तेथे लिहिले आहे की बहिणाबाईंचा जन्म २४ ऑगस्ट १८८० रोजी, नागपंचमीच्या दिवशी, जळगावजवळच्या असोदे गावी झाला. ही माहिती प्रकाशकाने स्वतःच्या मनाने लिहिलेली नाही. पाठ्यपुस्तकांपासून भाषणांपर्यंत ती अशीच सांगितली जाते आणि आम्हीही ती अशीच शिकवत आलो. पण तारीख आणि तिथी एकाच वाक्यात दिली की त्यांचा मेळ बसतो का, हे तपासता येते, आणि येथे तो बसत नाही. १८८० साली ७ जुलैला सूर्यग्रहण झाले होते, म्हणजे त्या दिवशी अमावास्या होती हे निश्चित. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस जातात, तेव्हा पुढची अमावास्या ५ किंवा ६ ऑगस्टला आली. तिच्यानंतर श्रावण सुरू झाला, आणि श्रावण शुद्ध पंचमी, म्हणजेच नागपंचमी, १० ऑगस्टच्या आसपास पडली. २४ ऑगस्टला पौर्णिमाही उलटून गेली होती आणि वद्य पक्ष चालू होता. म्हणजे बहिणाबाईंचा जन्म नागपंचमीचा असेल तर तो २४ ऑगस्टचा नाही, आणि २४ ऑगस्टचा असेल तर नागपंचमीचा नाही.

यात बहिणाबाईंच्या थोरवीला कोठे उणेपण येत नाही. त्या काळी खेड्यातल्या घरात लेकराचा जन्म सणाच्या, पेरणीच्या किंवा एखाद्या दुष्काळाच्या आधाराने लक्षात ठेवला जाई, इंग्रजी तारखेशी कोणाला कर्तव्य नसे, आणि मागाहून कोणीतरी त्या आठवणीला तारीख जोडून दिली असणे अगदी शक्य आहे. माझा आक्षेप दर्शिकेच्या लिहिण्याच्या पद्धतीला आहे. २४ ऑगस्ट ही तारीख आता सार्वजनिक झाली आहे, त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठापासून गावोगावच्या शाळांपर्यंत त्याच दिवशी जयंती होते, आणि ती बदलावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु संपादकाने तेथे ‘नागपंचमीचा जन्म अशी आठवण सांगितली जाते’ एवढे शब्द वापरले असते, तर वाक्य खरेही राहिले असते आणि सुंदरही. त्याच चौकटीत विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव २०१८ साली मिळाल्याची नोंद आहे आणि ती बरोबर आहे. त्यांच्या निधनाची ३ डिसेंबर १९५१ ही तारीखही डिसेंबरच्या पानावर नीट आली आहे.

हीच कसोटी याच पानावरच्या दुसऱ्या एका नोंदीला लावली तर निकाल उलटा लागतो. निधनाच्या भागात डॉ. रा. गो. भांडारकर यांचे नाव आहे: २४ ऑगस्ट १९२५. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत त्यांची पुण्यतिथी ऋषिपंचमीला पाळली जाते. १९२५च्या जुलैतले सूर्यग्रहण धरून वरच्यासारखेच मोजले की भाद्रपद शुद्ध पंचमी नेमकी २४ ऑगस्टलाच येते. दर्शिकेने मात्र ही तिथी दिलेलीच नाही. म्हणजे एकाच पानावर जी तिथी जुळत नाही ती ठळक अक्षरात आहे, आणि जी चोख जुळते ती गाळलेली आहे. संपादकाने पंचांग उघडून पाहिले नाही, जसा मजकूर मिळाला तसा छापला, एवढेच यावरून दिसते. प्राचीन लेख आणि नाण्यांवरून सन-शक ठरवण्यात आयुष्य घालवलेल्या भांडारकरांच्या ओळीलाच हे व्हावे, याची गंमत वाटते.

घटनांच्या भागात पहिली लक्षवेधी ओळ १६०८ची आहे: ईस्ट इंडिया कंपनीचे ‘हेक्टर’ हे जहाज घेऊन विल्यम हॉकिन्स सुरतेला पोहोचला. तारीख इंग्रजांच्या तेव्हाच्या दप्तरानुसार बरोबर आहे. मात्र इंग्लंडने जुनी ज्युलियन गणना १७५२ सालापर्यंत सोडली नव्हती, आणि आजच्या ग्रेगोरियन गणनेने तो दिवस ३ सप्टेंबर होतो. दहा दिवसांचा हाच फरक त्याखालच्या ओळीलाही लागू आहे, कारण १६९० साली कंपनीचा अधिकारी जॉब चार्नॉक सुतानुटीला, म्हणजे आजच्या कोलकात्यात, उतरला ती २४ ऑगस्टही इंग्रजांची जुनीच होती. या नोंदी दुसऱ्या पानावर हलवाव्यात असे माझे म्हणणे नाही, कारण जगभर त्या याच तारखेला दिल्या जातात. पण शिवकाल शिकवताना आम्ही मुलांना ६ जून १६७४ बरोबर ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ असेही सांगतो. मग त्याच शतकातली इंग्रजांची तारीख कोणत्या मोजणीची, हेही त्यांना कळायला हवे. ‘जु. ग.’ अशी दोन अक्षरे कोपऱ्यात टाकली असती तरी भागले असते.

हॉकिन्सच्या नोंदीत मला याहून मोठी उणीव वाटली ती वेगळी आहे. सुरत तापीच्या मुखाशी आणि खान्देश त्याच तापीच्या खोऱ्यात. जहांगीर बादशहाला भेटायला आग्र्याकडे निघालेला हा इंग्रज बऱ्हाणपूरमार्गे गेला, तेथे त्याने मोगल सरदार खानखानान अब्दुर्रहीम याची भेट घेतली, आणि बऱ्हाणपूर हे तेव्हा खान्देश सुभ्याचे मुख्य ठाणे होते. सुरत–बऱ्हाणपूर ही त्या काळची मोठी व्यापारी वाट आमच्याच प्रदेशातून जात होती. म्हणजे ‘आपला खान्देश’ या चौकटीला जे हवे ते वरच्याच ओळीत आयते पडले होते, आणि कोणाचे तिकडे लक्ष गेले नाही. दर्शिका खान्देशची आहे असे म्हणायचे तर जगाच्या घटनेचा धागा आपल्या गावापर्यंत आणून दाखवता आला पाहिजे. गावच्या माणसांची नावे वेगळ्या चौकटीत घातल्याने ते काम होत नाही.

चार्नॉकच्या ओळीत ‘कोलकाता शहराची स्थापना’ असे बेधडक लिहिले आहे. कलकत्ता उच्च न्यायालयाने २००३ साली तज्ज्ञांच्या समितीचा अहवाल मान्य करून स्पष्ट केले की चार्नॉकला या शहराचा संस्थापक म्हणता येणार नाही आणि २४ ऑगस्ट हा शहराचा वाढदिवस मानता येणार नाही. सुतानुटी, गोविंदपूर आणि कलिकाता ही गावे त्याच्या आधीपासून नांदत होती. वीस वर्षांहून जुना हा निकाल नव्याने छापलेल्या दर्शिकेत नसावा, ही या पानावरची माझ्या मते सर्वांत ठळक चूक आहे.

इ.स. ७९ मधला व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक आणि पाँपेई या रोमन शहराचा नाश हीही नोंद आहे आणि तिच्यापुढे कोणतेही प्रश्नचिन्ह नाही. रोमन लेखक धाकटा प्लिनी याच्या पत्राच्या हस्तलिखितांवरून ही तारीख पिढ्यानपिढ्या दिली गेली. पण २०१८ साली पाँपेईतल्या एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ सापडली, तीत १७ ऑक्टोबरशी जुळणारी रोमन तारीख आहे, आणि तेव्हापासून उद्रेक शरद ऋतूतला असावा या मताला बळ आले आहे. त्या ओळीत वर्ष लिहिलेले नसल्याने वाद मिटला असे म्हणता येत नाही, म्हणून येथे ‘परंपरागत तारीख’ हा शब्द पुरेसा होता.

पानावरची सर्वांत यशस्वी ओळ २००६ची आहे. प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लूटोला बटुग्रहांत गणले, हे दर्शिकेने दोन छोट्या, नेमक्या वाक्यांत सांगितले आहे. सहावीच्या मुलाने ही ओळ वाचताच रांगेतून प्रश्न आला, “सर, मंग प्लूटो कोठे गया?” आणि त्या दिवशीचा पहिला तास त्यातच गेला. दिनविशेषाने नेमके हेच करावे. त्याच कुतूहलाने मुलांनी प्लूटोच्या शोधाचे पान उघडले तेव्हा मात्र १८ फेब्रुवारीच्या पानावर ‘१९३०: क्लाइड टॉम्बो यांनी सूर्यमालेतील नवव्या ग्रहाचा शोध लावला’ एवढेच सापडले. दोन पाने दोन हातांनी लिहिलेली असावीत आणि त्यांची एकत्र तपासणी झालेली नसावी.

बाकीच्या नोंदी झटपट पाहता येतील. शिवराम हरी राजगुरू यांचा जन्म १९०८, खेड, म्हणजे आजचे राजगुरुनगर, आणि २३ मार्च १९३१ला फाशी, हे सारे ठीक आहे. न. चिं. केळकर यांचा १८७२चा आणि बाळासाहेब खेर यांचा १८८८चा जन्म ठीक आहे, पण खेरांपुढे फक्त ‘राजकारणी’ हा शब्द आहे, आणि १९३७ साली मुंबई प्रांताच्या पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळाचे ते प्रमुख होते हे सांगितलेले नाही. हे मंत्रिमंडळ आले ते काँग्रेसच्या १९३६च्या फैजपूर अधिवेशनानंतरच्या काही महिन्यांत, म्हणजे येथेही खान्देशचा दुवा हाताशी होता. अर्जेंटिनाचे लेखक होर्हे लुईस बोर्हेस यांचे नाव देवनागरीत तीन निरनिराळ्या प्रकारे छापता आले असते, त्यातला एक प्रकार निवडून तो टिकवला आहे, हे चांगले. १९९१ साली युक्रेनने स्वातंत्र्य जाहीर केल्याची आणि १९९५ साली मायक्रोसॉफ्टचे विंडोज ९५ बाजारात आल्याची नोंद आहे. दुसरी वाचताना आमचे संगणक शिक्षक एकटेच हसले.

‘दिन’ या चौथ्या भागात २४ ऑगस्टला फक्त युक्रेनचा स्वातंत्र्यदिन आहे, आणि जागा रिकामी ठेवण्याचा हा संयम मला आवडला. इतर पानांवर तो टिकलेला नाही. संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला दिन, राज्य शासनाने ठरवलेला दिन आणि कोणा व्यापारी संघटनेने रूढ केलेला दिन यांत काहीच भेद केलेला नाही, त्यामुळे २१ जूनचा योगदिन आणि एखाद्या खाद्यपदार्थाचा दिन शेजारी शेजारी सारख्याच टायपात बसले आहेत. ९ ऑगस्टच्या पानावर ऑगस्ट क्रांती दिन ठळक आणि जागतिक आदिवासी दिन बारीक अक्षरात आहे. नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांत त्या दिवशी गावोगाव निघणाऱ्या मिरवणुका ज्याने एकदा पाहिल्या आहेत, त्याला हा अक्षरांचा हिशेब खटकेल. हा दिन संयुक्त राष्ट्रांनी १९९४ साली ठरवला, ही माहितीही तेथे हवी होती.

वर्ष न छापण्याच्या सोयीची किंमत येथेच मोजावी लागते. आखाजी, कानबाई, पोळा हे आमच्याकडचे मोठे दिवस तिथीने आणि वाराने येतात. कानबाई तर नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. ज्या दर्शिकेत वारच नाही तिच्यात तिला जागा मिळणार कोठून? प्रकाशकाने शेवटी एक जोडपान देऊन या सणांची तिथी, थोडी माहिती आणि पुढच्या पाच वर्षांच्या तारखा दिल्या असत्या तर ही उणीव सहज भरून निघाली असती.

चौकटीतला मजकूर मात्र, एकूण पाहता, विकत घेण्याजोगा आहे. २७ आणि २८ डिसेंबरच्या पानांवर १९३६च्या फैजपूर काँग्रेसची हकिकत आहे: पंडित नेहरू अध्यक्ष, आणि काँग्रेसचे खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. १९ डिसेंबरला बोदवड तालुक्यातल्या नाडगावी १९३४ साली जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील आहेत. ३१ डिसेंबरला, १९२६ साली धुळ्यात वारलेले इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आहेत, आणि त्यांच्या नावाच्या तिथल्या संशोधन मंडळाचाही उल्लेख आहे. ९ सप्टेंबरच्या पानावर नंदुरबारच्या १९४२च्या गोळीबाराची नोंद आहे, पण तीत फक्त शिरीषकुमारचे नाव आहे. त्याच्याबरोबर पडलेल्या लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम यांच्यासाठी एक ओळ जास्त लागली असती आणि चौकटीत तेवढी जागा होती. बालकवींचा १३ ऑगस्ट १८९०चा जन्म धरणगावचा म्हणून दिलेला पाहून आमच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या, पण ५ मे १९१८च्या पानावर मृत्यूचे ठिकाण नुसते ‘जळगाव’ आहे. ते भादली रेल्वे स्टेशनजवळ गेले, आणि ज्या गावावरून आमच्याकडची माणसे रोज गाडीने जातात ते नाव गाळणे योग्य नव्हे. १ जुलैच्या पानावर वसंतराव नाईकांची जयंती, कृषिदिन आणि डॉक्टर दिन आहेत, परंतु १९९८ साली याच दिवशी धुळ्यापासून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा नाही. खान्देशच्या नावाने काढलेल्या प्रकाशनाला हे शोभत नाही.

मोबाइलवरच्या फुकट मजकुरापेक्षा ही दर्शिका नक्कीच चांगली आहे, कारण हिच्यातल्या चुका एका जागी स्थिर आहेत, त्या पेन्सिलीने दुरुस्त करता येतात आणि जाब विचारायला मागच्या पानावर एक पत्ता आहे. शाळांनी आणि गावातल्या वाचनालयांनी ती घ्यावी असे मी सुचवीन, मात्र ज्या शिक्षकाकडे परिपाठ असेल त्याने उद्याचे पान आदल्या दिवशी दुपारी वाचून ठेवावे, जन्मतारीख आणि तिथी एकत्र दिसली की पंचांग उघडावे, आणि १७५२च्या आधीची इंग्रजांची तारीख असेल तर तसे मुलांना सांगावे. घरच्या वापरासाठी घेणाऱ्याने दुसऱ्या आवृत्तीची वाट पाहिली तरी चालेल. जळगावात ती फुले मार्केटच्या परिसरातल्या स्टेशनरीच्या दुकानांत मिळते, धुळे आणि नंदुरबारकडे मागवावी लागते. घेताना तार एकदा फिरवून पाहावी, कारण आमच्या प्रतीत मार्चची चार पाने भोके न पाडताच आत सरकवलेली निघाली आणि दुकानदाराने ती लगेच बदलून दिली.